कृषिव्यवसायाचे शिक्षण आणि समुदाय महाविद्यालय
(रहिमतपूर परिसराच्या अनुषंगाने एक अभ्यास)

पुणे–मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील एक जुने गाव होय. आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याची कबर येथे आहे. १८५३ साली स्थापन झालेली येथील नगरपालिका राज्यातील जुन्या नगरपालिकांत गणली जाते. गावाभोवतीच्या शिवारात ऊस, आले, सोयाबीन, ज्वारी आणि हरभरा ही पिके डोलताना दिसतात. कृष्णेचे पाणी, धोम धरणाचे कालवे आणि पिढ्यान्‌पिढ्या मातीत राबलेला कष्टाळू शेतकरी यांमुळे या भागात पीक चांगले येते. तरीही या परिसरातील शिकलेला तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतो. शेतीत पीक येते, पण पैसा उरत नाही, हे त्याने घरातच पाहिलेले असते.

पीक कसे घ्यावे हे शिकवणारी व्यवस्था महाराष्ट्रात चांगली उभी राहिली आहे. पुण्याचे कृषी महाविद्यालय शंभर वर्षांहून जुने आहे. १९६८ साली राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि सातारा व सांगली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. सातारा जिल्ह्यात बोरगाव येथे या विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. परंतु पिकाचा खर्च कसा मांडावा, माल केव्हा व कोठे विकावा, भांडवल कोठून उभे करावे आणि चारचौघांनी मिळून व्यापार कसा करावा, हे शिक्षण सर्वसामान्य शेतकरी कुटुंबातील मुलामुलींपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. कृषिव्यवसायाचे शिक्षण, आणि तेही घराजवळ, परवडणाऱ्या खर्चात, काम सांभाळून घेता येण्याजोगे शिक्षण, हा म्हणूनच ग्रामीण विकासाच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय ठरतो.

पिकवणारा आणि विकणारा

१९७०–७१ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण ४.२८ हेक्टर होते. २०१५–१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. दोन पिढ्यांत शेताचा तुकडा एक तृतीयांशाहूनही लहान झाला. याचा अर्थ असा, की केवळ अधिक पिकवून कुटुंबाचे उत्पन्न वाढवण्यास मर्यादा पडल्या आहेत. जे पिकते त्याचे मोल वाढवणे हा मार्ग त्यामुळे अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधात ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा काढण्यात आला आहे. टोमॅटोच्या बाबतीत तो सुमारे ३३ टक्के, कांद्याच्या बाबतीत ३६ टक्के आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ टक्के इतकाच भरतो. दुग्धव्यवसायात मात्र हाच वाटा ७० टक्क्यांच्या आसपास असल्याचे अशाच अभ्यासातून दिसून आले आहे. दूधही नाशवंत आहे आणि टोमॅटोही नाशवंत आहे. फरक आहे तो संघटनेचा. दुधाला गावोगावी संकलन केंद्र आहे, स्निग्धांश तपासण्याची सोय आहे, शीतकरण आहे, संघ आहे. टोमॅटोच्या पाठीशी यांपैकी फारच थोडे आहे. उत्पादकाच्या हाती किती पैसा पडतो हे शेताच्या बांधापलीकडील व्यवस्थेवर किती अवलंबून असते, ते या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

कृषिव्यवसाय म्हणजे काय?

हार्वर्ड विद्यापीठातील जॉन डेव्हिस यांनी १९५५ च्या सुमारास या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रचारात आणला आणि १९५७ साली रे गोल्डबर्ग यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथात त्याची मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शेती ही एकटी उभी नसते. बी-बियाणे, खते व अवजारे पुरवणारा, प्रत्यक्ष पिकवणारा, माल साठवणारा व त्यावर प्रक्रिया करणारा आणि तो ग्राहकापर्यंत नेणारा, हे सारे एकाच साखळीचे दुवे आहेत. एका दुव्यातील बिघाड सर्वांना भोवतो, आणि साखळीत निर्माण होणारा नफा ज्याच्या हाती माहिती व भांडवल असते त्याच्याकडे वळतो.

शब्द परका असला तरी कल्पना कृष्णाकाठास परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि सुरुवातीचे नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. रहिमतपूरच्या रुळांवरूनच पुढे गेले की ती लागते. कोरेगावजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला आणि तेथेही नांगर तयार होऊ लागले. चांगली वस्तू निर्माण केली म्हणजे काम संपत नाही. ती वापरणाऱ्याच्या मनातील शंका दूर करावी लागते, सुटे भाग पुरवावे लागतात, उधारी सांभाळावी लागते. कृषिव्यवसायाचा हा धडा या भागात शंभर वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे.

दुसरे उदाहरण सांगलीच्या हळदीचे. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांतून हळद साठवण्याची पद्धत होती. पेवात हवा व कीड यांना वाव नसल्याने हळद दीर्घकाळ टिकत असे. माल टिकतो म्हणून व्यापारी थांबू शकतो, व्यापारी थांबू शकतो म्हणून बाजारपेठ मोठी होते, आणि बाजारपेठ मोठी झाली की दूरचा मालही तेथेच येतो. सांगलीच्या हळदपेठेच्या वाढीत या साठवणुकीचा मोठा हात आहे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांचे नुकसान झाले, परंतु तोवर त्यांनी पेठेचा पाया घातलेला होता. साठवण म्हणजे नुसती जागा नव्हे. विक्रीची वेळ निवडण्याचे ते साधन असते, हा त्यातील बोध होय.

समुदाय महाविद्यालयाची कल्पना

प्रौढ शेतकऱ्यास शिक्षण दिल्याने शेतीव्यवसाय कसा पालटतो याचा जुना दाखला डेन्मार्कमध्ये सापडतो. तेथे ग्रुंडविग यांच्या विचारांतून १८४४ साली र‍्योडिंग येथे पहिले लोकविद्यालय सुरू झाले. शेतकऱ्यांची मुले हिवाळ्यात, शेतीची कामे नसताना, तेथे राहून शिकत. १८८२ साली त्याच देशात पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली आणि थोड्याच काळात अशा दुग्धशाळा गावोगाव पसरल्या. एकत्र शिकलेल्या माणसांना एकत्र व्यवसाय करणे सोपे गेले, असे या इतिहासाचे अभ्यासक मानतात.

अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचे जाळे विणावे अशी शिफारस केली आणि ‘समुदाय महाविद्यालय’ या अर्थाचे नाव रूढ झाले. घराजवळ असणे, शुल्क कमी असणे, वयाची अट नसणे आणि स्थानिक व्यवसायांच्या गरजेनुसार अभ्यासक्रम आखणे ही या संस्थांची चार लक्षणे. तेथील शेतीप्रधान भागातील अशा महाविद्यालयांतून कृषिव्यवसाय हा विषय शिकवला जातो.

भारतात या प्रकारचे पहिले महाविद्यालय १९९५ साली पाँडिचेरी येथे निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३–१४ पासून मान्यताप्राप्त महाविद्यालयांमध्येच समुदाय महाविद्यालये चालवण्याची योजना सुरू केली. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका व व्यवसाय पदवी अशा चढत्या पायऱ्या निश्चित करण्यात आल्या. यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की विद्यार्थी कोणत्याही पायरीवर थांबून कामास लागू शकतो आणि पुढे सवडीने परत येऊ शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हेच तत्त्व उच्च शिक्षणाच्या सर्व शाखांना लागू करण्याचा विचार पुढे नेला आहे.

महाराष्ट्राला या कल्पनेसाठी परदेशाकडेच पाहावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे तिचे ब्रीद. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी स्वतः राबून शिक्षणाचा खर्च भागवत. श्रमाची लाज वाटू नये आणि शिक्षणासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, हे दोन्ही हेतू त्यामागे होते. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटी येथे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने १९५२ साली मौनी विद्यापीठ उभे राहिले. ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय योजना १९५६ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यातील संस्थांत गारगोटीचाही समावेश झाला. परिसराच्या गरजेतून अभ्यासक्रम घडवण्याचा तो ध्यास आजही मार्गदर्शक आहे.

१९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठाने माळी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापासून भाजीपाला उत्पादन, फळबाग उत्पादन, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशा पदविकांपर्यंत मराठी माध्यमात अभ्यासक्रम आखले आणि पदविकांच्या पायऱ्या चढून पदवीपर्यंत जाण्याची सोय केली. शेतात राबणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या सवडीने शिकता यावे, हा त्यामागील विचार समुदाय महाविद्यालयाच्या कल्पनेशी पूर्णपणे जुळणारा आहे.

पहिला पाठ : पिकाचा हिशोब

कृषिव्यवसायाच्या वर्गात पहिला पाठ कोणता असावा? रहिमतपूर परिसरात तो आल्याच्या पिकावरून सहज देता येईल. एप्रिल–मे महिन्यांत गादीवाफ्यांवर आल्याची लागण होते. बेणे, शेणखत, ठिबक संच, खते, मजुरी असा मोठा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो, आणि माल हाती येण्यास आठ-नऊ महिने लागतात. मध्येच कंदकूज लागली तर उत्पन्न झपाट्याने घटते. या भागात आल्याचा व्यवहार ‘गाडी’ या मापाने होतो. एक गाडी म्हणजे ५०० किलो. सर्वांच्या परिचयाच्या या पिकातून खर्च, उत्पन्न आणि जोखीम या तिन्ही गोष्टी शिकवता येतात.

पुढील आकडे केवळ हिशोबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्षात ते दरवर्षी व शेतागणिक बदलतील. समजा, एका एकराचा रोख खर्च ४,००,००० रुपये झाला आणि उत्पन्न १२ टन, म्हणजे २४ गाड्या मिळाले. तर एका गाडीस पडलेला खर्च १६,६६७ रुपये येतो. भाव गाडीस २०,००० रुपये मिळाला, तर विक्री ४,८०,००० रुपयांची होऊन ८०,००० रुपये शिल्लक दिसतात. आता तेवढाच खर्च करूनही कंदकुजीमुळे उत्पन्न ८ टनांवर, म्हणजे १६ गाड्यांवर आले असे धरू. गाडीस पडलेला खर्च एकदम २५,००० रुपयांवर जातो. त्याच २०,००० रुपये भावाने विक्री ३,२०,००० रुपयांची होते आणि ८०,००० रुपयांचा तोटा येतो. भाव तोच, खर्च तोच. एका शेतात नफा आणि शेजारच्या शेतात तितकाच तोटा. ‘भाव परवडतो का?’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नसते. प्रत्येकाने आपल्या उत्पन्नावर आपला परवडणारा भाव काढावा लागतो.

पाठाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या शेतकऱ्याचे ८०,००० रुपये हा खरा नफा आहे काय? त्याने २,००,००० रुपये दर साल दर शेकडा १२ टक्क्यांनी उसने घेतले असतील, तर दहा महिन्यांचे व्याज २०,००० रुपये होते. पती-पत्नी दोघांनी प्रत्येकी ६० दिवस राबले असतील, तर १२० दिवसांची मजुरी रोजी ४०० रुपये दराने ४८,००० रुपये होते. हे दोन्ही वजा केल्यावर हाती १२,००० रुपये उरतात, आणि त्यात जमिनीचा खंड व ठिबक संचाची झीज अद्याप धरलेलीच नाही. घरच्या माणसांचे श्रम हिशोबात न धरल्यामुळे शेती फायद्याची भासते. ते धरल्यावर खरी स्थिती समोर येते. यात निराश होण्याचे कारण नाही. कोणता खर्च कमी करता येईल, कोणती जोखीम टाळता येईल, हे वही उघडल्याशिवाय कळत नाही. निरोगी बेण्याची निवड, बेणेप्रक्रिया आणि पाण्याचा निचरा या शेतीशास्त्रातील सूचनांचे मोल किती, हेही याच वहीतून कळते. कंदकूज रोखली तर वाचणारी रक्कम १,६०,००० रुपयांची आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः मांडलेले असते.

दुसरा पाठ : काटा, पट्टी आणि प्रत

माल बाजारात गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडते ती पट्टी. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, वाहतूक अशा नोंदी असतात. ही पट्टी वाचता येणे, त्यातील प्रत्येक कपात नियमानुसार आहे की नाही हे ओळखणे आणि वर्षभराच्या पट्ट्या जपून ठेवणे ही व्यवसायशिक्षणाची प्राथमिक गरज होय. महाराष्ट्रात कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीच्या नियमनाचा कायदा १९६३ साली झाला. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी बाजार ही संगणकीय व्यवस्थाही सुरू झाली. विक्रीचे मार्ग वाढले, परंतु मार्ग निवडण्यासाठी लागणारी माहिती प्रत्येकाजवळ नसते.

प्रतवारीचा प्रश्न आल्याच्या उदाहरणाने पुन्हा स्पष्ट होतो. व्यापारात नव्या व जुन्या आल्यास वेगळा भाव देण्याची पद्धत आहे. एकाच शेतातील मालाची अशी विभागणी कोणी व कशी करावी, यावरून सातारा जिल्ह्यात वाद झाले असून सरसकट खरेदीची मागणी उत्पादकांनी केली आहे. अशा प्रसंगी प्रत म्हणजे काय, ती लेखी स्वरूपात ठरवता येते काय, सौद्यापूर्वी नमुना दोघांसमोर तपासता येतो काय, हे प्रश्न वर्गात चर्चेला घेता येतील. वाद मिटवण्याचा टिकाऊ मार्ग म्हणजे मोजता येईल असे माप ठरवणे. दुधात स्निग्धांश मोजला जाऊ लागला तेव्हा ‘दूध पातळ आहे’ हा वाद बराचसा संपला, हे ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवले आहे.

तिसरा पाठ : साठवण, प्रक्रिया आणि ओळख

काढणीच्या वेळी सर्वांचा माल एकदम येतो आणि भाव उतरतो. गरजू शेतकरी तरीही विकतो, कारण त्याला उसनवारी फेडायची असते. या अडचणीवर राज्य कृषी पणन मंडळाने १९९०–९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवली. सोयाबीन, हळद यांसारखा टिकाऊ माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सालीना ६ टक्के व्याजाने मिळण्याची त्यात तरतूद आहे. समजा, २० क्विंटल सोयाबीन ४,००० रुपये भावाचे आहे. एकूण किंमत ८०,००० रुपये, कर्ज ६०,००० रुपये आणि सहा महिन्यांचे व्याज १,८०० रुपये. म्हणजे भाव क्विंटलमागे ९० रुपयांनी वाढला की व्याज भरून निघते. गोदामभाडे व वजनातील घट यांची भर घालून थांबावे की विकावे, हा निर्णय विद्यार्थी कागदावर करू शकतो. भाव पडण्याची शक्यताही त्याने धरलीच पाहिजे; थांबणे म्हणजे नेहमीच फायदा असे नाही.

प्रक्रियेच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. ओल्या आल्यापासून सुंठ करताना सुमारे पाच किलोस एक किलो उतारा पडतो. ओले आले किलोस ४० रुपयांनी विकले जात असेल, तर एका किलो सुंठीसाठी २०० रुपयांचा कच्चा माल लागला. सोलणे, वाळवणे, इंधन व आवेष्टन यांस ४० रुपये धरले, तर सुंठ २४० रुपयांवर विकली गेली तरच लाभ. ओल्या मालाचा भाव चढा असताना सुंठ करणे तोट्याचे आणि तो कोसळलेला असताना किफायतीचे ठरू शकते. ‘प्रक्रिया उद्योग काढा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो केव्हा पाळावा हे ठरवण्यासाठी ही बेरीज-वजाबाकी आवश्यक असते.

मालाची ओळख हेही भांडवलच होय. कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्यास २०१६ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले. त्याच वर्षी सांगलीच्या बेदाण्यास आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीस ते लाभले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस ते त्यापूर्वीच, २०१० साली मिळाले होते. परंतु अशा नोंदणीचा लाभ आपोआप पदरात पडत नाही. उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, माल त्या वर्णनाचाच राहील याची काळजी घ्यावी लागते आणि भेसळीविरुद्ध जागरूक राहावे लागते. तालुक्यातील किती घेवडा-उत्पादकांनी अशी नोंदणी केली आहे, याची गाववार पाहणी हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होईल, आणि ग्रामपंचायतींनाही त्याचा उपयोग होईल.

शिकल्यानंतर पुढे काय?

कृषिव्यवसाय शिकलेल्या तरुणास काम कोठे मिळेल, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याची तीन उत्तरे देता येतील.

पहिले उत्तर कृषी सेवा केंद्राचे. बियाणे, खते व कीटकनाशके विकणाऱ्या दुकानदाराकडे शेतकरी सल्ल्यासाठी सर्वांत आधी जातो. ही बाब ध्यानी घेऊन हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली अशा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ या नावाने ओळखली जाणारी एक वर्षाची पदविका सुरू केली. आठवड्यातून एक दिवस, स्थानिक बाजाराच्या सुटीच्या वारी वर्ग भरतो. ४८ आठवड्यांपैकी ४० दिवस वर्गात आणि ८ दिवस शेतावर अशी तिची रचना आहे. दुकान बंद न ठेवता शिकता येणे हे तिचे वैशिष्ट्य समुदाय महाविद्यालयांनी अनुकरणीय मानावे असेच आहे.

दुसरे उत्तर स्वतंत्र व्यवसायाचे. केंद्र शासनाने २००२ साली कृषी चिकित्सालय व कृषिव्यवसाय केंद्र योजना सुरू केली. कृषी व संलग्न विषयांतील पदवीधर आणि पदविकाधारकांना निवासी प्रशिक्षण, प्रकल्प अहवालासाठी साहाय्य आणि बँक कर्जाशी निगडित अनुदान असे तिचे स्वरूप आहे. २०१० च्या सुधारणेनुसार हे अनुदान सर्वसाधारण गटास ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस ४४ टक्के ठेवण्यात आले. सांगली येथील कृष्णा व्हॅली ॲडव्हान्स्ड ॲग्रिकल्चरल फाउंडेशन ही या प्रशिक्षणासाठी ओळखली जाणारी संस्था आहे. माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र, पशुखाद्य असे व्यवसाय या मार्गाने उभे राहू शकतात.

तिसरे उत्तर सामूहिक व्यवसायाचे. सहकारी साखर कारखानदारीची परंपरा असलेल्या या भागास संघटना नवी नाही. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. २०२० साली केंद्राने अशा १०,००० संघटना उभारण्याची योजना जाहीर केली. नोंदणी होणे सोपे, चालवणे कठीण, असाच अनेक ठिकाणचा अनुभव आहे. सभेचे इतिवृत्त, खरेदी-विक्रीची पुस्तके, वस्तू व सेवा कराची विवरणे, लेखापरीक्षण ही कामे करणारा जाणकार माणूस गावात नसतो. समुदाय महाविद्यालयाची पदविका घेतलेला गावचाच तरुण वा तरुणी ही उणीव भरून काढू शकेल. शेतकऱ्यांचा विश्वास बसण्यासही गावचा माणूस असणे उपयोगी पडते.

काही अडचणी

या शिक्षणाच्या मार्गातील अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिली अडचण शिक्षकांची. पुस्तकातून विपणन शिकलेला शिक्षक आणि बाजारात चाळीस वर्षे सौदे केलेला अडत्या यांच्या ज्ञानात अंतर असते. समुदाय महाविद्यालयाच्या योजनेत स्थानिक व्यावसायिकांना अध्यापनात सहभागी करून घेण्यास वाव ठेवलेला आहे. बँक अधिकारी, गोदामपाल, साखर कारखान्यातील लेखापाल, यशस्वी रोपवाटिकाधारक यांना वर्गात आणले पाहिजे.

दुसरी अडचण प्रमाणपत्राच्या मोहाची. कागद मिळाला, पण हाताला काम आले नाही, असे झाल्यास पालकांचा विश्वास उडेल. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एका पिकाचा लागणीपासून विक्रीपर्यंतचा संपूर्ण हिशोब स्वतः ठेवणे ही परीक्षेची अट असावी.

तिसरी अडचण स्त्रियांच्या सहभागाची आहे. भांगलणी, काढणी, वेचणी ही कष्टाची कामे स्त्रिया करतात; पट्टी मात्र पुरुषाच्या खिशात असते आणि सातबारावरही बहुधा पुरुषाचेच नाव असते. ज्या स्त्रिया बचत गटांची पुस्तके चोख ठेवतात, त्या शेतीचीही वही ठेवू शकतील. वर्गाची वेळ, जाण्यायेण्याची सोय आणि लहान मुलांना सांभाळण्याची व्यवस्था यांचा विचार झाल्यास त्या मोठ्या संख्येने पुढे येतील.

शाळा आणि ग्रामपंचायत

या कामी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकास नफा-तोटा व सरळव्याज शिकवताना गावातील एखाद्या पिकाच्या खऱ्या पट्ट्या वापरता येतील. शाळेच्या फलकावर आठवड्याचे बाजारभाव लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांकडे देता येईल. ग्रामपंचायतीने आपल्या गावात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, माल कोणत्या महिन्यात व कोठे जातो, साठवणुकीची सोय किती आहे, याची नोंदवही तयार करावी. अशी नोंदवही हाती असेल तर जवळच्या महाविद्यालयास परिसरास उपयुक्त अभ्यासक्रम आखता येईल आणि शासनाच्या योजनांसाठी प्रस्ताव तयार करणेही सुकर होईल. तालुका कृषी अधिकारी, बाजार समिती, बँक आणि महाविद्यालय यांना वर्षातून दोनदा एकत्र बसवण्याचे काम पंचायत समिती करू शकते.

कर्मवीरांच्या काळी खेड्यातील मुलाला अक्षरओळख करून देणे हे आव्हान होते. ते काम बहुतांशी पार पडले आहे. त्या मुलाची नातवंडे आज पदवीधर आहेत, पण आपल्या घरच्या शेतात गेल्या वर्षी नेमका किती खर्च झाला आणि किती उरले, हे त्यांतील अनेकांना सांगता येत नाही. रहिमतपूरच्या शिवारात पुढील एप्रिलमध्ये आल्याची लागण सुरू होईल. त्या दिवशी गादीवाफ्याबरोबर एक वहीही उघडली गेली आणि पहिल्या पानावर बेण्याची किंमत लिहिली गेली, तर कृषिव्यवसायाच्या शिक्षणास त्या घरात आरंभ झाला असे मानता येईल.